बिडाच्या लाईनीखालून

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराचा आदला दिवस होता. रस्ता न फोडता टेलिफोनच्या केबलसाठी खालून आरपार भोक पाडायचं काम आम्ही करत होतो. मशीन अलीकडच्या कडेला. माझं काम वर चालायचं. हातातलं यंत्र जमिनीलगत धरलं की खालचं ड्रिलचं टोक कुठं आहे, किती खोल आहे ते दिसायचं. मी ओरडून सांगायचो आणि मशीनवरचा बिहारी ऑपरेटर टोक वळवायचा. जीपा आणि उसाचे ट्रॅक्टर मला चाटून जात होते.

पलीकडची साइडपट्टी दोन पावलांवर आली, तेवढ्यात गावाला पाणी सोडणारे चाचा सायकलवरून उतरले.

"किती खोल हाय तुमचं?"

"दीड मीटर."

"मग थांबवा. ह्या पट्टीखालनं जुनी बिडाची लाईन गेलीया. आख्खं गाव तिचं पाणी पितंय."

सुपरवायझरनं नकाशा उघडला. त्यात लाईन होती, पण जेमतेम हातभर खोल.

"नकाशावर शिक्का आहे, चाचा. आम्ही बरेच खालून चाललोय."

"नकाशा काढला तवा रस्ता खाली व्हता. दोनदा भराव टाकून वर आणलाय. लाईन हाय तिथंच हाय."

म्हणजे लाईन आता आमच्याच खोलीवर असणार. मी हात वर केला. "रोको! मत घुमाओ!"

सुपरवायझर माझ्यावर भडकला. खोदकाम करायचं नाही, याच अटीवर परवानगी मिळाली होती. मी म्हटलं, "साइडपट्टीवर एक खड्डा घेऊ. लाईन नसली तर उद्यापासून मला कामावर ठेवू नका." त्यानं गड्यांना टिकाव दिला.

कमरेपर्यंत काही नाही. छातीपर्यंत ओली काळी माती. मी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतो. मग टिकाव ठणकन वाजला. हातांनी माती सारली तर गंजलेला पाइप, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर, खड्ड्याच्या रस्त्याकडच्या भिंतीतून आमच्या ड्रिलचा राखाडी चिखल पाझरत होता.

ड्रिलचे तीन रॉड मागं घेतले. टोकाची तिरपी बाजू वळवून ते खाली दाबत पुन्हा पुढं निघालो. चाचा आपण होऊन खड्ड्यात उतरले आणि त्यांनी तळहात पाइपवर ठेवला.

"दोन मीटर," मी ओरडलो. "धीरे!"

"धडधडतंय," खालून आवाज आला.

यंत्रातला आकडा हलत होता. टोक पट्टीखाली शिरलं, खड्डा मागं पडला.

"चाचा?"

"गेलं. लागलं न्हाई."

सुपरवायझरनंच हात देऊन त्यांना वर काढलं. मी तिथंच खडीवर बसलो. चाचांनी पायजमा झटकला. "ह्या लायनी मलाच ठाऊक हायत. मी कुठवर पुरनार? लिहून घ्या."

मग ते पुढं आणि मी मागं, पाटीत फक्की घेऊन. ते थांबतील तिथं मी पांढरी रेघ ओढत गेलो, थेट एसटी स्टँडपर्यंत.