कंबरेचं दुखणं

सुप्याच्या पुढे एसटीची खिडकी सरकवली की काढणीला आलेल्या ज्वारीचा कोरडा, किंचित गोडसर वास आत येतो. माघ सरताना आमचं पारनेरचं पठार फिकट सोनेरी होऊन पहुडलेलं असतं आणि सकाळचं ऊन अजून अंगाला बोचत नाही. एरवी या वासानं मी सुखावतो. त्या सकाळी मात्र तो नाकाशी येऊन परत गेला. रक्ततपासणीत पीएसए नावाचा एक आकडा वाढलेला निघाला होता आणि एमआरआय करायला आम्ही नगरला निघालो होतो. शेजारी शांता, माझी पत्नी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, पण प्रोस्टेटला पुरस्थ ग्रंथी म्हणतात, हा शब्द मला निवृत्तीनंतर भेटला, आणि तोही भय घेऊनच.

यंत्राच्या त्या पांढऱ्या बोगद्यात शिरण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, पट्टा सारं काढून शांताच्या ओंजळीत दिलं. हलायचं नाही, एवढंच सांगितलं होतं. पण हलायचं नाही म्हटलं की देहाला किती जागी किती खाज सुटते! मी मनातल्या मनात त्रिशरण म्हणू लागलो आणि दुसऱ्या ओळीवर अडखळलो, कारण यंत्रानं ठोके द्यायला सुरुवात केली होती. ठक्, ठक्, ठक्. कानांवरच्या जाड आवरणातूनही तो नाद हाडांपर्यंत पोहोचत होता, आणि का कोण जाणे, मला बाबांची छिन्नी ऐकू येऊ लागली. बाबा गवंडी होते. तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या जोत्यांवर त्यांच्या हातचे दगड आहेत. अखेरच्या वर्षी त्यांची कंबर गेली, मग पाय गेले, मग ते स्वतः गेले. जन्मभर दगड उचलले, कंबर जाणारच, असं सगळे म्हणाले आणि आम्हीही तसंच म्हणालो.

एमआरआयमध्ये ग्रंथीच्या एका कडेला काळसर डाग दिसला. डॉक्टर तरुण होते, शांत आवाजाचे. “स्कॅन नुसता संशय दाखवतो, सर. खात्री तुकडा तपासूनच होते. बायोप्सी करूया,” ते म्हणाले आणि सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “घरात कुणाला हा आजार होता का?”

“नाही. वडील कंबरेच्या दुखण्यानं गेले.”

त्यांनी लिहिणं सोडून वर पाहिलं. “नुसती कंबरच होती का? हा आजार हाडांत उतरला की असंच दुखतं. लघवीचा त्रास होता त्यांना?”

मला ठाऊक नव्हतं. शांतालाही नव्हतं. आमच्या घरात कंबरेखालच्या देहाला भाषाच नव्हती. बाबा पुन्हापुन्हा परसात जात, बराच वेळ भिंतीला हात टेकून उभे राहत, हे मात्र मला तिथे, त्या खुर्चीत बसल्याबसल्या, लख्ख दिसलं.

बायोप्सीची वेदना फारशी नव्हती. जागा सुन्न केली होती. खटक्यासारखा बारीक आवाज होई आणि एक तुकडा निघे. त्या आवाजाहून त्याच्या आधीची निःशब्दता अधिक असह्य होती. नंतर लघवीतून रक्त आलं. ते येणारच, असं सांगितलेलं असूनही त्या लाल रंगावर मी दोनदा पाणी ओतलं. अहवालाची वाट पाहण्याचे दिवस तर काचेचे होते; आम्ही दोघं त्यांच्यावरून जपून पावलं टाकत होतो. एका सकाळी भाकरी थापता थापता शांता अचानक म्हणाली, “अहो, काही निघालं तर मला आधी सांगायचं. परस्पर गिळायचं नाही.” मी मान हलवली. तिनं भाकरी तव्यावर टाकली, आणि तिचे डोळे धुरानं भरले नव्हते, कारण आमच्याकडे गॅस आहे.

अहवाल दोघांनी मिळून ऐकला. कर्करोग होता. लहान होता, संथ वाढणारा होता. डॉक्टर म्हणाले, “आज शस्त्रक्रियेची गरज नाही. ठरावीक काळानं रक्त तपासू, पुन्हा स्कॅन करू, नजर ठेवू.” म्हणजे सुटका नव्हती आणि शिक्षाही नव्हती, एक अनोळखी माणूस घरात राहायला आला होता आणि त्याच्याकडे पाहत जगायचं होतं. उठताना ते म्हणाले, “भाऊ असेल तर त्याला तपासून घ्यायला सांगा.”

भाऊ आहे. मिलिंद, माझ्याहून धाकटा, जामखेडला बांधकामं घेतो. रुग्णालयाच्या आवारातूनच त्याला फोन लावला. मागे मिक्सर घरघरत होता.

“दादा, बोल. स्लॅब चालू हाय.”

मी उन्हाविषयी बोललो, त्याच्या नातीविषयी बोललो. शांतानं माझ्या दंडाला हात लावला, तेव्हा कुठे सांगितलं. मग म्हणालो, “तूही तपासून घे.”

“मला काय झालंय? मी ठनठनीत हाय.”

“मीही होतो, मिलिंद. बाबांची कंबर आठवते? ती कदाचित कंबर नव्हतीच.”

तो कुणाला तरी ओरडून मिक्सर बंद करायला सांगत होता. घरघर थांबली. मग त्याचा आवाज आला, लहानपणी अंधारात माझ्या पांघरुणात शिरताना असायचा तसा.

“दादा, मला बी लघवीला लई जोर लावावा लागतो. वरीस झालं. घरी न्हाई सांगितलं कुनाला.”

“त्याचा अर्थ तोच असेल असं नाही. वयानंही होतं.”

“व्हय. पन तू येशील न्हवं संगं?”

“येईन.”

बाबांना नेमकं काय झालं होतं, हे आता कधीच कळणार नाही. जमिनीच्या बांधांपासून मुलांच्या लग्नांपर्यंत आम्ही भाऊ सगळं बोललो होतो, फक्त ज्या देहांतून ते सगळं घडलं त्यांच्याविषयी एक शब्दही बोललो नव्हतो. त्या दुपारी बोलणं संपलं तरी फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मी तो ऐकत उभा राहिलो.