स्वेटर काढून ठेवणारा

मोहालीतल्या आमच्या संस्थेच्या अतिथिगृहात जमिनीखालची ऊब वर आणणारा हीट पंप आहे. तो चंदीगडच्या एका तंत्रज्ञाने बसवला, आणि दर थंडीत तिथून तपासायलाही तोच येतो. आला की आधी स्वेटर काढून खुर्चीवर ठेवतो. "स्वेटर पहनकर तो हर मशीन अच्छी लगती है जी," हे त्याचं ठरलेलं वाक्य. खोली उबदार आहे असं कुणी म्हटलं, की तो शांतपणे विचारतो, "पक्का?" मग आपल्यालाच शंका येते. मला तो प्रश्न फारसा आवडत नाही.

यंदा तो आला तेव्हा दाट धुकं होतं. माणूस गारठून येणार म्हणून केअरटेकरने गरम हवेचा ब्लोअर लावून खोली आधीच तापवून ठेवली होती. तापलेल्या खोलीत पंपाला कामच उरत नाही, मग तपासणार काय? तो रागावला नाही. त्याने चहा घेतला, केअरटेकरचे आभार मानले, ब्लोअर बंद केला आणि खिडक्या सताड उघडून नुसत्या शर्टावर बसून राहिला. खोली पुरती गार झाल्यावर त्याने खिडक्या लावल्या आणि पंप सुरू केला. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्याचं तापमान तो बराच वेळ बघत होता.

"पास?" केअरटेकरने विचारलं.

"नहीं जी. कमज़ोर है."

"पक्का?" मी विचारलं. जरा मुद्दामच.

"पक्का," तो म्हणाला आणि ब्लोअर उचलून त्याने केअरटेकरच्या पायाशी लावला. "मशीन मेरी फेल हुई है जी. ठंड आप क्यों सहो?"

स्वेटर अजून खुर्चीवरच होता.