अव्वांसाठी बिनअंड्याचं फ्रॉस्टिंग

दुसऱ्या खेपेलाही फेस आला नाही. बीटर वीस मिनिटं फिरत होता, त्याची मोटर हाताला चटका बसेल इतकी तापली होती, आणि भांड्यात काय, तर पिवळट पाणी. वर चार बुडबुडे. तेही मी बघायला वाकले की फुटायचे.

"काय झालं?" दारातून आवाज आला.

स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची होती आणि खुर्चीत अव्वा. सकाळी दहापासून तिथंच होत्या. दुपारी जेवायला उठल्या तेव्हा मला आणि माझ्या मदतनीस रेश्माला सोबत घेऊनच उठल्या, म्हणजे आम्ही मागं एकट्या राहायला नको.

"काही नाही अव्वा. होईल आता."

"मघाशी बी तुमी हेच म्हणला."

मी धाराशिवला केकचं छोटं वर्कशॉप चालवते. बारा वर्षं झाली. लग्नाचे चार मजली केक केले, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे ट्रॅक्टरच्या आकाराचे केक केले. पण कुणी खुर्ची टाकून दिवसभर माझ्या हाताकडे बघत बसलंय, असं कधी झालं नव्हतं. डोकं तापायला तेवढं पुरेसं होतं.

ऑर्डर नळदुर्गच्या श्रुतीची होती. पोरगी पुण्यात नोकरी करते. अव्वा तिची आजी, त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी एक जून लिहिली, ती कायम झाली. श्रुतीनं फोनवर सांगितलं, "मॅडम, घरात इतके वाढदिवस झाले, अव्वानं आजवर केकचा तुकडा तोंडात घातला नाही. दरवेळी म्हणते दात दुखतो. यंदा तिचाच वाढदिवस आहे. तिनं खाल्ला पाहिजे."

घर लिंगायत, कडक शाकाहारी. बिनअंड्याचा केक मला नवा नाही. पण श्रुतीला वरून मार्शमेलो फ्रॉस्टिंग हवं होतं. तिनं मोबाइलवर पाहिलेलं. पांढरंशुभ्र, चकचकीत, केकवर उंच उंच शेंडे काढलेले आणि त्या शेंड्यांना आगीनं आणलेला तपकिरी रंग. हे फ्रॉस्टिंग म्हणजे मुळात मेरिंग. अंड्यातला पांढरा बलक फेटून फेटून फुगवायचा आणि त्यात उकळत्या साखरेचा पाक बारीक धारेनं सोडायचा. पाकानं तो फेस शिजतो, घट्ट होतो. सगळा खेळ अंड्याचा.

अंडं नको असेल तर एक युक्ती आहे. काबुली चणे शिजवल्यावर जे दाटसर पाणी उरतं, ते गार करून फेटलं तर अगदी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं फुगतं. पुरणाची डाळ शिजवून आपण जे पाणी गाळतो आणि आमटीला वापरतो ना, त्याचाच हा भाऊ. लोकांना खरं वाटत नाही. मलाही पहिल्यांदा वाटलं नव्हतं.

मग अव्वांच्या अटी आल्या. बाहेर शिजवलेलं चालणार नाही. सगळं आमच्या घरात, आमच्या गॅसवर, माझ्या डोळ्यांदेखत. माझीही सोय त्यातच होती, कारण हे फ्रॉस्टिंग प्रवासाला टिकत नाही. जूनच्या उन्हात धाराशिवहून निघालं तर तुळजापूरच्या पुढं त्याचं पाणीच होणार. मी फोनवर सूचना दिल्या. आदल्या संध्याकाळी चणे शिजवा, पाणी गाळा, स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. आणि हे बजावून सांगितलं की मीठ घालू नका. दोनदा सांगितलं.

सकाळी केकचा स्पंज झकास झाला. दह्याचा, त्यांच्याच ओव्हनमध्ये. तिथपर्यंत मी मोठ्या तोऱ्यात होते.

पहिला घाणा फसला तेव्हा मी लिंबाला दोष दिला. फेस टिकायला थोडा आंबटपणा लागतो, तो कमी पडला असेल. दुसऱ्याला दुप्पट लिंबू पिळलं. तरी तेच. मग विजेला दोष दिला, व्होल्टेज कमी असेल. उन्हाला दिला. शेवटी रेश्माला दिला.

"भांडं नीट पुसलं होतंस का?"

"पुसलं की मॅडम. लिंबानं पुसलं, दोन डाव."

"मग हे काय आहे?"

मेरिंगचा एकच वैरी, तो म्हणजे तेलतूप. भांड्याला, बीटरला, बोटाला कुठंही चिकटपणा राहिला की फेस बसतो. म्हणून आम्ही भांडी आधी लिंबानं पुसतो. रेश्मा माझ्याकडे सात वर्षं आहे आणि भांडी माझ्यापेक्षा नीट पुसते. हे मला ठाऊक होतं. तरीही मी परक्या घरात, चार माणसांदेखत तिच्यावर ओरडले. तिनं भांडं उचललं आणि तिसऱ्यांदा घासायला घेतलं. मला माझीच लाज वाटली, पण तेव्हा ती कबूल करण्याइतकी मी शहाणी नव्हते.

श्रुतीचे वडील दारात डोकावले. बियाण्यांचं दुकान बंद करून खास लवकर आले होते. "झालं का मॅडम? साडेसहाला पाव्हणे येतेत."

"होतंय."

"न्हाय झालं तर ऱ्हाऊ द्या. साधी क्रीम लावा."

"बाबा!" आतून श्रुती. "क्रीमचे केक तिनं किती नाकारलेत! हे तिच्यासमोर होतंय म्हणून तर ती खाणार म्हणाली."

घड्याळात साडेतीन. रेश्मा जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, गाडीत उद्याच्या ऑर्डरचा डबा हाय."

कुठला डबा ते मला लगेच कळलं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाची पावडर. चार चमचे पावडर, थोडं पाणी, दहा मिनिटांत डोंगराएवढा फेस. पांढरी पावडर, साखरेसारखीच दिसते. खुर्चीत बसून कुणाला काय कळणार?

मी हो म्हणाले नाही. पण नाही म्हणायलाही मला वेळ लागला. तो वेळ मला अजून टोचतो, म्हणून इथं लिहिते आहे.

"काय कुजबूज चाललीया?" अव्वा.

"काही नाही. सामानाचं बोलतोय."

अव्वांनी पदर सारखा केला. "सांगते एक. मोठ्या नातवाचा पयला वाढदिस. दुकानदारानं शपथ घेऊन सांगितलं, अंडं न्हाय म्हणून. म्या खाल्ला. चार दिसांनी त्याचाच कामगार बोलून गेला की समद्या केकात अंडं असतंय. लिंगाम्होरं बसून रडले म्या. दोन दिस अन्न गेलं न्हाय. तवापासनं माजा दात दुखतो."

आवाजात राग नव्हता. हवापाणी सांगावं तसं सांगितलं. मी रेश्माकडे पाहिलं. ती आधीच सिंककडे वळली होती. डब्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तिसरा घाणा. या वेळी मी ठरवलं, आंधळेपणानं काही करायचं नाही, सगळं मोजून करायचं. माझा मोजायचा कप धुवायला पडला होता, म्हणून श्रुतीच्या आईकडून काचेचा ग्लास मागितला. स्टीलच्या डब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि पातळी बघायला ग्लास खिडकीकडे धरला.

पाण्यावर सोनेरी टिकल्या तरंगत होत्या. बारीक, गोल, मोहरीएवढ्या. भरपूर.

"काकू," मी श्रुतीच्या आईला विचारलं, "चणे शिजवताना काय काय घातलं होतं?"

"म्या न्हाय शिजवले. अव्वांनी शिजवले. म्हणल्या, माज्या खाण्याचं म्याच शिजवणार."

मी दाराकडे वळले. "अव्वा, चण्यात काय घातलं होतं?"

"काय बी न्हाय. मीठ नको म्हणलं तुमी, मीठ न्हाय घातलं."

"आणि तेल?"

"तेल घातलं की. पळीभर."

रेश्मानं नळ बंद केला.

"तेल?" माझा आवाज चढला. "अव्वा, पळीभर तेल?"

"मग? तेलाबिगर हरभरा कुनी शिजिवतं व्हय? उतू जातंय. कुकरच्या शिट्टीतनं समदा फेस भाईर." आणि मग शांतपणे, "तुमी मिठाचं सांगितलं. तेलाचं कुठं सांगितलं?"

 मी खरंच सांगितलं नव्हतं. सांगणार कशी? मी स्वतः घरी हरभरा शिजवते, डाळ शिजवते, तेव्हा हात आपोआप तेलाकडे जातो. आईचा जायचा, सासूबाईंचा जातो. ते काही घालणं आहे असं आपल्याला वाटतच नाही. वर्कशॉपमध्ये चणे मीच शिजवते, आणि तिथं तेलाची बाटली शेगडीजवळ ठेवायची नाही हा नियम मी कधीच केला होता. पण तो नियम माझा होता, त्यांचा नव्हता. दुपारभर मी लिंबाला, विजेला, उन्हाला आणि बिचाऱ्या रेश्माला शिव्या घातल्या, आणि तेल माझ्या अर्धवट सूचनेतूनच आत शिरलं होतं.

"रेश्मा," मी म्हणाले, "चुकलं माझं. भांडं स्वच्छ होतं."

"मला म्हाईत होतं की," ती म्हणाली आणि भांडं पालथं घातलं.

आता नवे चणे भिजवायचे तर आठ तास. मी अक्षरशः कपाळाला हात लावला. तेवढ्यात अव्वा खुर्चीतून उठल्या. हळूहळू ओट्यापाशी आल्या आणि झाकण घातलेलं एक पातेलं पुढं सरकवलं. रात्रीच्या उसळीसाठी भिजवलेले काबुली चणे. टपोरे फुगलेले.

"हे घ्या. अन तेल तुमीच बघा, म्या हात लावत न्हाय."

कुकर लिंबानं घासला. थेंबभर तेल न घालता चणे चढवले. अव्वांचं भाकीत शंभर टक्के खरं ठरलं. शिट्टीतून फेसाचे फवारे उडाले, मागच्या टाइल्सवर ओघळ आले आणि श्रुतीची आई फडकं घेऊन धावली. मग ते पाणी गाळून उघड्या पातेल्यात आटवायला ठेवलं, कारण पातळ पाणी फुगत नाही. ते लगेच फसफसून वर येऊ लागलं. मला दुसऱ्या गॅसवर साखरेचा पाक बघायचा होता. एकशे अठरा अंशांवर तो उतरवावा लागतो, जरा इकडंतिकडं झालं की संपलं.

"आणा हिकडं," अव्वांनी पळी माझ्या हातातून घेतली. खुर्ची गॅसजवळ ओढायला लावली आणि पातेल्यावर लक्ष ठेवून बसल्या. फेस वर आला की पळीनं हलवायचा, खाली बसवायचा. पुन्हा वर आला की पुन्हा. वीस मिनिटं. ऐंशी वर्षांची बाई, जूनचा उकाडा, गॅसची धग. सुनेनं पळी मागितली तर दिली नाही.

मधेच त्या स्वतःशीच हसल्या. "यव्वा! जलमभर हा फेस आमी तेलानं दाबत आलो. अन तुमाला त्योच पायजे."

पाणी बर्फात गार केलं. चौथा घाणा. बीटर लावला आणि सातव्या मिनिटाला भांड्यात काहीतरी पांढरं दिसू लागलं. दहाव्याला ते भांड्याच्या काठाला टेकलं. पाकाची धार सोडली तशी त्याला चकाकी आली. मी भांडं उचललं आणि अव्वांच्या समोर उलटं धरलं. आमच्या धंद्यात ही परीक्षा असते, नीट झालेला फेस खाली पडत नाही. पडला नाही. अव्वांनी मात्र पाय मागं घेतले.

पावणेसातला केक पाहुण्यांसमोर आला. मी गॅस-टॉर्चच्या ज्योतीनं शेंडे भाजले तेव्हा अव्वा म्हणाल्या, "इतकी मरमर केली अन आता जाळताय?" मग सुरी घेतली आणि कापला. श्रुतीनं तुकडा पुढं केला. खोलीत सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मी सगळ्यांच्या मागं, हाताला चिकटलेल्या पाकासकट.

अव्वांनी तुकडा खाल्ला. पूर्ण. सावकाश.

"लई ग्वाड हाय," म्हणाल्या, आणि बशी पुन्हा पुढं केली. श्रुती रडत होती. तिचे वडील मोबाइल उलटा धरून फोटो काढत होते.

आता माझ्याकडून ग्राहकांना जो सूचनांचा कागद जातो, त्यात पहिलीच ओळ आहे: चणे शिजवताना तेल घालू नये, एक थेंबही नाही. लोक फोन करून विचारतात, "घालणार कशाला?" मी म्हणते, "तुम्ही घालताच. तुम्हाला कळत नाही एवढंच." सूचना देणाऱ्यानं कधी न केलेल्या गोष्टींआधी रोजच्या रोज होणाऱ्या गोष्टी लिहून द्याव्यात. एवढं शिकायला मला तीन घाणे आणि एक अख्खी दुपार लागली.

यंदा मे महिन्यात नळदुर्गहून फोन आला. स्वतः अव्वा.

"एक तारखेला केक पायजे. तसलाच, फेसाचा."

"येते अव्वा. चणे मीच शिजवीन तिथं."

"कशाला येता उनातान्हाचं? तुमच्या घरनंच करून आणा. म्या काय बगायला बसनार न्हाय. तुमी केला म्हंजी झालं."

मी फोन ठेवला. बारा वर्षांत एवढं मोठं सर्टिफिकेट मला कुणी दिलं नव्हतं. पण आता त्या बाईला कोण सांगणार, की विश्वास कितीही पक्का असला तरी हे फ्रॉस्टिंग तुळजापूरच्या पुढं टिकत नाही. रेश्माला म्हटलं, एक तारखेला नळदुर्गची गाडी सांगून ठेव, तिथंच जाऊन करायचंय. आणि लिंबं घे, डझनभर.