कारण न लिहिता चाललं असतं

साताऱ्यातल्या आमच्या घराला दोन मजले आहेत. वर आई आणि धाकटा भाऊ राहत, खाली भाडेकरू. मी तेव्हा सांगलीत एका दैनिकात होतो आणि सुटीच्या दिवशी एसटीने घरी येत होतो.

आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातून आणल्यावर तिला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. त्यानंतर ती खाली उतरली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिना नको, पण सपाट जागेवर रोज चालायचं. चालणं थांबलं तर पाय कायमचा आखडेल. वर सपाट जागा म्हणजे रस्त्याच्या बाजूची अरुंद गॅलरी. खाली मात्र घरामागे फरशी घातलेलं मोठं अंगण होतं. आईला तळमजला हवा होता तो या अंगणासाठी.

भाडेकरू म्हसवडकडचे नवरा-बायको. तो एका कारखान्यात वेल्डर. ती पहाटे उठून भाकऱ्या करायची आणि एमआयडीसीतल्या कामगारांना डबे द्यायची. करार अकरा महिन्यांचा, दर वेळी नवा केलेला. भांडण असं कधी झालं नव्हतं.

भाऊ खाली जाऊन म्हणाला, "जागा आम्हाला लागणार आहे."

साताऱ्यात हे वाक्य प्रत्येक भाडेकरूने कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की भाडं वाढवायचं आहे, किंवा जास्त भाडं देणारं कुणीतरी सापडलं आहे. बाई म्हणाल्या, "बरं. बगतो की." पुढे काही हललं नाही.

मग वकील. त्यांच्या कार्यालयात मी भावाबरोबर गेलो होतो. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत, ते म्हणाले. करारात एक महिन्याची लेखी नोटीस लिहिली आहे, ती रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह गेली पाहिजे. "कारण लिहायची गरज नाही," त्यांनी बजावलं. "तशी अट नाही. आणि लिहिलंत, तर ते खरं आहे हे दाखवत बसावं लागेल."

भाऊ म्हणाला, "कारण नको? मग गल्लीत काय तोंड दाखवायचं? चांगली माणसं उगाच बाहेर काढली म्हणतील."

कारण लिहिलं गेलं. मातोश्रींना जिना चढणे-उतरणे शक्य नसल्याने तळमजला स्वतःच्या वापरासाठी हवा आहे, असा मजकूर होता. भावाने 'तळमजला'च्या आधी 'संपूर्ण' हा शब्द घालायला लावला. मला तो तेव्हा खटकला नाही.

पाकीट वरच्या मजल्यावरून निघालं, पोस्टात गेलं आणि पोस्टमनच्या हाताने खालच्या दारात आलं. बाईंनी सही करून ते घेतलं, कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि संध्याकाळी जिन्याच्या तळाशी उभं राहून भावाला हाक मारली.

"दादा, हितं लिवलंय आज्जीस्नी जिना जमत न्हाई."

"नाहीच जमत."

"मग सकाळचं गॅलरीत कोण फिरतंय?"

"गॅलरी वेगळी, जिना वेगळा, ताई."

"व्हय, व्हय," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आई वॉकर घेऊन गॅलरीत आली, तेव्हा बाई रस्त्याच्या पलीकडे मोबाइल वर धरून उभ्या होत्या. त्या चित्रीकरण करत होत्या, की म्हसवडला कुणाशी व्हिडिओवर बोलत होत्या, की नुसतीच उन्हात स्क्रीन दिसत नव्हती, हे आजही सांगता येत नाही. भावाला मात्र शंका नव्हती. पुरावा गोळा चालला आहे, असं त्याने ठरवलं. त्या दिवसापासून आईचं गॅलरीत चालणं बंद झालं. पडदा ओढला गेला.

रविवारी मी आलो तेव्हा आई पलंगावर होती.

"मी आजारी आहे की आरोपी?" तिने विचारलं.

"एक महिन्याचा प्रश्न आहे, आई," भाऊ म्हणाला.

"पाय एक महिना थांबतो का, विचारलंस डॉक्टरांना?"

तो औषधं आणायला गेल्यावर ती मला हळू आवाजात म्हणाली, "याला खालचा मजला नक्की कशाला हवाय, बघ जरा." तो परत आल्यावर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "कशाला म्हणजे? आईला." उत्तर बरोबर होतं. जरा लवकर आलं, एवढंच.

वकिलांनी आणखी एक सूचना दिली होती. मुदत संपल्यावर भाडं म्हणून काही स्वीकारू नका, नाहीतर नोटीस मागे घेतली असं भाडेकरूंना म्हणता येईल. भावाने त्यातला 'काही स्वीकारू नका' एवढाच भाग लक्षात ठेवला, आणि मुदत संपायच्या आधीपासूनच. म्हसवडच्या नाथबाबाची जत्रा झाली. बाई गावाहून आल्या आणि पानात बांधलेला प्रसाद घेऊन वर आल्या. भाऊ दारातच आडवा झाला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. वकिलांनी काही घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

"नाथबाबाच्या परसादाला बी वकील लागतोय व्हय?"

आतून आई म्हणाली, "येऊ दे रे तिला." पण दार लावून झालं होतं. जिन्यावरून बाईंचा आवाज आला, "आज्जीस्नी बोलता येतंय म्हणायचं! न्हाईतर ते बी लिवलं असतं."

मुदत संपली त्या दिवशी त्यांनी जागा सोडली. टेम्पो आला, परात, पोळपाट, पिठाचे डबे चढले. नवऱ्याने किल्ली भावाच्या हातात दिली आणि तो टेम्पोत जाऊन बसला. बाई मात्र अंगणातून वर बघत ओरडून म्हणाल्या, "आज्जी, आमी निघालो. पर मी येऊन बगणार हाय, कोण राहतंय ते!"

आईला खुर्चीतून खाली आणलं. पुढच्या खोलीत तिचा पलंग लागला. अंगणात जायचं दार मागच्या खोलीतून होतं आणि त्या खोलीला कुलूप होतं. ओल आली आहे, भाऊ म्हणाला. रंग द्यायचा आहे. बाहेरच्या बोळातून अंगणात जाता येत होतं, पण तिथे पायऱ्या. आई पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत चालायची आणि परत फिरायची. पाय आता जड पडत होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने दोनदा सांगितलं, आजी, एवढं चालणं पुरणार नाही. मागच्या खोलीची किल्ली भावाकडे वरच होती.

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी बाई खरोखर आल्या. मी घरात होतो. डब्यांची पिशवी त्यांच्या हातातच होती. चपला काढल्या, पण बसल्या नाहीत.

"ये," आई म्हणाली. "बघ सगळं. स्वयंपाकघरात पण बघ, कुणा बँकेला नाही दिलंय भाड्याने."

बाईंनी खरोखर बघितलं. स्वयंपाकघर, मोरी, आईचा पलंग, पलंगाखालीसुद्धा. मग त्या कुलपासमोर थांबल्या.

"ह्याला कुलूप कशापायी?"

"ओल आलीय म्हणे."

"ओल? आवं आज्जी, मी हितं पीठ ठिवत हुते. भर पावसाळ्यात गुठळी झाली न्हाई कवा."

 आईने भावाला हाक मारली. तो खाली आला आणि बाईंना बघून जिन्यातच थांबला.

"किल्ली आण."

"आई, नंतर बघू."

"आत्ता."

खोलीत नव्या रंगाचा वास होता. लोखंडी कॉट, गादी, खुर्ची, आणि मागच्या दाराला टेकवून अभ्यासाचं टेबल. टेबलावर दिवासुद्धा होता.

बाईंनी टेबलावरून हात फिरवला. "आज्जी, तुमी परीक्षेला बसताय व्हय?"

भाऊ बोलू लागला. पलूसचा एक मुलगा, ओळखीतला, इथल्या कॉलेजात प्रवेश मिळालेला. एकटाच. टेबल सरकवलं की मागच्या दाराने येईल, मागच्या दाराने जाईल, आईला त्रास नाही.

"आणि मी कुठल्या दाराने जाऊ?" आईने विचारलं.

भावाने माझ्याकडे पाहिलं. 

"पत्रात 'संपूर्ण' कुणी लिहिलं होतं?"

"वकिलांनी," तो म्हणाला.

"यानेच," मी म्हणालो.

 आई एवढंच म्हणाली, "त्या मुलाला फोन कर. इथून कर, मला ऐकू येईल असा." भावाने तिथेच उभं राहून फोन केला. जागा घरच्यांना लागणार आहे, असं त्याने सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं, कळलं नाही; पण पलीकडच्याने ते खरं मानलं नसावं, कारण भावाला तेच पुन्हा सांगावं लागलं.

बाईंनी आणि मी टेबल बाजूला ओढलं. कडी नव्या रंगाने घट्ट बसली होती. बाईंनी ती वर उचलून झटक्यात मागे सारली. ऊन आत आलं. आई वॉकर पुढे सरकवत उंबऱ्याशी थांबली, एक पाय बाहेर ठेवला, मग दुसरा. फरशीवर ती हळूहळू चालू लागली. डावा पाय ओढत होता, गॅलरीत चालायची तेव्हा तो ओढत नव्हता.

बाई दारात उभ्या राहून तिच्या पावलांकडे टक लावून पाहत होत्या. चेहऱ्यावर विश्वास नव्हता.

"पटलं का आता?" आईने मान न वळवता विचारलं.

"बगू," बाई म्हणाल्या. "अजून एक फेरी मारा."