घोडीची ढिली नाल

वरातीची घोडी दिसली, की माझा कान अजून आधी तिच्या टापांकडे जातो. नव्वदच्या दशकात आटपाडीला मित्राचं लग्न होतं. त्याच्या घरचा धंदा घोड्यांना नाल ठोकायचा. वाजतगाजत निघालेला नवरदेव घोडीवरूनच ओरडला, "बँड थांबवा रं. मागची नाल ढिली वाजतीया." बाशिंगासकट खाली उतरून त्यानं घोडीचा पाय मांडीवर घेतला. वऱ्हाडातून चार हातोड्या निघाल्या, सल्ले त्याहून जास्त. मुहूर्त टळतोय म्हणून त्याचा मामा बोंबलत होता. नाल पक्की झाली, पण हा काही पुन्हा चढेना. "आत्ताच ठोकलीया, लगीच वजन नगं," म्हणत लगाम धरून चालतच मांडवाशी आला. आरतीचं ताट घेऊन उभ्या सासूनं हार घातलेली घोडी बघितली, मग धुळीनं माखलेला जावई. "आता ओवाळू कुणाला?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "आदी तिला, मामी. लय गुमान हुबी ऱ्हायली बिचारी."