नवऱ्याची सही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. घरच्यांजवळ नाही, आणि ज्या डॉक्टरबाईंकडे मी एकोणीस वर्षं काम केलं त्यांच्याजवळ तर नाहीच. आमच्या फ्रिजवर आजही रोजची यादी असते – गॅसचा नंबर लावायचा, चादरी धोब्याकडे, कुणाचा वाढदिवस – आणि काम झालं की मी त्यावर रेघ मारते. एकाच गोष्टीवर रेघ मारता आलेली नाही. तुम्हाला सांगतेय. का सांगतेय, ते मलाही नीट माहीत नाही.

परळ सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला आलो, त्याच वर्षी मी प्रसूतिगृहात कामाला लागले. आठ खाटा, एक थिएटर, आणि बाहेर दाराशी माझं टेबल. फॉर्म, नोंदवही, उद्याची यादी – कुणी उपाशीपोटी यायचं, कुणाचं रक्त तपासायचंय – सगळं माझ्याकडे. "साटमबाई, तुम्ही रजेवर गेलात की मला माझा चष्मा सापडत नाही," असं डॉक्टरबाई म्हणायच्या. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

गर्भपाताचे फॉर्मही मीच भरायचे. बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची सही पुरते, असं कायदा सांगतो. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी मला समजावलं होतं, पुस्तिकाही माझ्या खणात होती. "नवरा बरोबर असेल तर त्याची सही घेऊन ठेवा. एकटी आली तर मला विचारा." इतकं सोपं होतं. मला विचारा.

नवऱ्यांच्या सह्या कशा मिळायच्या, तेही सांगते. दोन मुलींवर तिसऱ्यांदा दिवस गेलेली बाई, कुठूनतरी तपासणी करून आणलेली. बरोबर सासू. नवऱ्याच्या खिशात पेन तयार. बाई खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसलेली. कारणाच्या रकान्यात मी 'गर्भनिरोधक साधन निकामी' असं लिहायचे. कुणाला काही विचारलं नाही. फॉर्म पूर्ण होता ना? पुढे तपासणीवर बंदी आली, भिंतीवर पाटी आली, आणि चर्चा सुरू झाल्या – जीव कधीपासून धरायचा, हक्क कुणाचा. मी ऐकायचे. पण माझी गोष्ट त्यातली नाही. माझी त्याहून लहान आहे.

ती गोष्ट घडायच्या महिनाभर आधी, बायकोने एकटीने येऊन गर्भपात करून घेतला म्हणून एक माणूस दवाखान्यात येऊन ओरडून गेला होता. "मेरे से पूछा क्या किसी ने?" म्हणत त्याने माझी नोंदवही फरशीवर आपटली. बसलेल्या बायका बघत होत्या. मी खाली बसून सुटी पानं गोळा केली. हे का सांगितलं? पळवाट म्हणून नाही. घडलं त्या क्रमाने सांगायची सवय आहे, म्हणून.

मथुरा आली तेव्हा दुपार होती. जवळच्या मुर्धा गावची, मासे विकणारी. रिकामी पाटी तिने बाहेर पायरीवर ठेवली होती, तरी बाकावरच्या दोघींनी नाकाला पदर लावलाच. चार मुलं, धाकटं अंगावर पिणारं, आणि आता पुन्हा दोन महिने. नवऱ्याला हवं होतं – होडीवर घरचे हात लागतात, असं त्याचं म्हणणं. मी तिचं नाव उद्याच्या यादीत लिहिलं. सातवं. मग विचारलं, नवरा कुठाय? सही लागेल.

"त्याला कललं तर घरातून बाहेर न्हाय परू देनार मना," ती म्हणाली. "माझा अंगठा घ्या ना, बाय. प्वाट माझंच हाय."

बाकावरची एक हसली. मथुराही हसली.

डॉक्टरबाई थिएटरमध्ये होत्या. दार माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. अर्ध्या तासात बाहेर येणार होत्या. मी काय म्हणायला हवं होतं? "बसा, विचारून सांगते" – तीन शब्द. त्याऐवजी मी म्हटलं, "कायदाच आहे तसा. नवऱ्याच्या सहीशिवाय केलं तर डॉक्टरांना तुरुंग होतो."

तिने पुन्हा विचारलं, "कायदाच हाय?"

"हो."

"मंग तुमी तरी काय करनार," ती म्हणाली, आणि पाटी उचलून गेली. माझ्यावर रागावली नाही. मी सातव्या नावावर रेघ मारली.

सोळा दिवसांनी तिला रिक्षातून आणलं. दुसऱ्या गावच्या कुठल्याशा बाईने झाडाची मुळी वापरली होती. अंग तापाने फणफणलेलं, वास असा की या वेळी मीही नाकाला पदर लावला. डॉक्टरबाईंनी तिला तिथूनच मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. रिक्षा वळताच त्यांनी मला विचारलं, "ही आपल्याकडे आधी आली होती का हो?"

मी म्हटलं, "नाही."

संध्याकाळी घरी जाण्याआधी ते यादीचं पान मी पुन्हा लिहून काढलं. सुवाच्य अक्षरात. आठव्याला सातवा नंबर दिला, नवव्याला आठवा. जुनं पान पर्समध्ये घालून घरी नेलं.

मथुरा वाचली. गर्भाशय काढावं लागलं. दीड महिन्याने परतली आणि पुन्हा बाजारात बसायला लागली, पण पाटी उचलता येईना, दुसरी कुणी आणून द्यायची. मला पाहिलं की हाक मारायची. वाट्यावर दोन बोंबील जास्त टाकायची – आणि शेजारणीला सांगायची, "या दवाखान्यातल्या बाय. यांनीच मना खरा कायदा सांगितलेला. मीच न्हाय आयकला." मी मासे घेऊन घरी यायचे. साफ करायचे, तळायचे. आम्ही ते खायचो. काय वाटायचं मला? खरं सांगू – सुटल्यासारखं वाटायचं.

आणि हळूहळू माझ्या नोंदवहीत एक गोष्ट दिसायला लागली. मुर्धा, राई, त्या बाजूच्या बायका एकट्या यायच्या बंद झाल्या. आल्या तर सही घेऊन, नाही तर येतच नव्हत्या. मग जात कुठे होत्या? मला कळत नव्हतं असं नाही. पण टेबल शांत होतं, फॉर्म पूर्ण असत. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी मला एकदा या कायद्यावर बोलायलाही बोलावलं. एकीने विचारलं, सही लागतेच का? माझ्या हातात मुद्द्यांचा कागद होता. मी म्हटलं, "घेतलेली बरी."

दहाएक वर्षांनी मथुरा दवाखान्यात आली, सोबत थोरली लेक. सुगंधा. वीस वर्षांची, मारहाणीला कंटाळून माहेरी आलेली. एका डोळ्याखाली अजून पिवळं होतं. मथुरेने पदराची गाठ सोडून चार घड्यांचा कागद काढला आणि माझ्यापुढे सरळ केला. खाली नवऱ्याची सही.

"पाच हप्ते लागले, बाय," ती म्हणाली. "दोनदा पाठवली हिला त्याच्याकं. दुसऱ्या टायमाला हे असं करून दिली त्यानं." तिने लेकीच्या डोळ्याकडे बोट केलं. "पन आनलीच. मी बोलले, माझ्यासारखं नको. कायद्यानं करू."

डॉक्टरबाईंनी तपासलं. बाहेर आल्या आणि मान हलवली. वीस आठवडे उलटून गेले होते. आता कुणालाच करता येणार नव्हतं. या वेळी कायदा खरंच तसा होता. "चार-पाच आठवड्यांपूर्वी का नाही आलात?" त्यांनी विचारलं.

मथुरेने माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन म्हणून – मला सगळं माहीत होतं ना. डॉक्टरबाईही माझ्याकडेच बघत होत्या. दोघी थांबल्या होत्या.

मी नोंदवही उघडली आणि सुगंधाचं पूर्ण नाव विचारलं.

सुगंधा नवऱ्याकडे परत गेली. मथुरा मला त्यानंतरही बोंबील देत राहिली.

ते जुनं पान माझ्या कपाटात आहे, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. सातवं नाव वाचता येतं. रेघ फार हलक्या हाताने मारली होती मी.