चोथ्याने मैदान मारलं

मित्रांनो, आज सकाळी आमच्या घरात मोठा विजय झाला आणि त्याचं श्रेय मोसंबीच्या चोथ्याला आहे.

माझे वडील, म्हणजे दादा, तापातून उठले तरी त्यांचं पोट साफ होत नव्हतं. जेवण तुटलं, बागेत येणं बंद झालं. मोसंबी घरचीच, पण आजारी माणसाला रस गाळून, साखर घालूनच द्यायचा ही आमच्याकडची रीत. चोथा जातो गोठ्यात.

मी याविषयी बरंच वाचलंय, आपलं आपणच. पोटाला कामाचा चोथा असतो आणि नेमका तोच आपण फेकतो. म्हणून परवा रस बंद केला. मोसंबी सोलायची, बिया काढायच्या, पण फोडीवरचा पापुद्रा ठेवायचा. वरून पाणी भरपूर.

दादा भडकले. "चोथा खायला मी काय बैल हाव का?"

बायको म्हणाली, "बैलाचं पोट तरी बराबर हे, मामंजी."

दादा हसले आणि खाऊ लागले.

आज सकाळी संडासातून आले ते मिशीवर हात फिरवतच. "काम फत्ते," म्हणाले. दोन भाकरी खाल्ल्या आणि माझ्याआधी बागेत पोचले. मी गेलो तर झाडाखाली बसून शेजारच्या आण्णांना सांगून राह्यले होते, "पापुद्रा काढायचा न्हाई बिलकुल. दम त्यातच हे."

शोध त्यांच्या नावावर गेला. जाऊ द्या, दादा बागेत आले.

खरं सांगा, तुमच्या घरचा चोथा कोण खातं?